ध्रुवीय बर्फ आणि खोल पाणी

ध्रुवीय बर्फ म्हटले की तापलेल्या हवेने वितळणारे हिमखंड आपल्या डोळ्यांसमोर येतात. हे चित्र खोटे नव्हे. परंतु अंटार्क्टिकाच्या बाबतीत ते अपुरे आहे. माझ्या मते, तेथील बर्फाचे भवितव्य आज हवेपेक्षा समुद्राच्या हाती अधिक आहे आणि हवामानबदलाच्या आपल्याकडील चर्चेत याची पुरेशी दखल घेतली जात नाही.

पश्चिम अंटार्क्टिकालगतच्या अमुंडसेन समुद्राचे उदाहरण घेऊ. तेथील वरचे पाणी गोठणबिंदूच्या जवळ, म्हणजे सुमारे उणे १.८ अंश सेल्सिअस असते. काही शे मीटर खोलीवर मात्र सुमारे १ अंशाचे पाणी आढळते. उबदार पाणी खाली कसे, असा प्रश्न साहजिकच पडेल. अतिथंड पाण्याची घनता तापमानापेक्षा क्षारतेवर अधिक अवलंबून असते. खालचे पाणी अधिक खारे, म्हणून अधिक जड असते. हेच पाणी थ्वेट्ससारख्या हिमनदीच्या तळाशी पोहोचते. शिवाय दाब वाढला की बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो. त्यामुळे आपल्याला गारठवणारे हे पाणी बर्फाला खालून पोखरत राहते.

तरंगणारे बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी फारशी वाढत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु किनाऱ्यालगतचे तरंगते हिमथर मागील हिमनद्यांना थोपवून धरतात. २००२ मध्ये ‘लार्सन बी’ हा हिमथर कोसळला, तेव्हा त्यामागील हिमनद्यांचा वेग वाढला. त्या घटनेत उबदार हवेचा वाटा मोठा होता. तथापि आधार निखळल्यावर काय होते, हे तिने दाखवून दिले. एकटी थ्वेट्स हिमनदी पूर्णपणे नष्ट झाली, तर जगातील समुद्रपातळी सरासरी अर्ध्या मीटरहून अधिक वाढेल.

हे किती वर्षांत घडेल, याचे नेमके उत्तर विज्ञानाकडे अद्याप नाही. म्हणून थांबावे, असे काहींना वाटते. मला हा युक्तिवाद मान्य नाही. अंटार्क्टिकाचे बर्फ घटले की त्याचे गुरुत्वाकर्षणही घटते. लगतचे पाणी दूर सरते आणि आपल्यासारख्या दूरच्या किनाऱ्यांवर पातळी सरासरीहून अधिक वाढते. मुंबईत व कोकणात आज बांधले जाणारे रस्ते, बंदरे आणि वसाहती अनेक दशके टिकाव्यात अशी अपेक्षा असते. त्यांच्या नियोजनात केवळ मध्यम अंदाज गृहीत धरणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. वाईटात वाईट शक्यताही हिशेबात घेतलीच पाहिजे.