खाज दडवली नि औषध हरलं

पावसाळ्यात आमच्या बचत गटाची बैठक संपली, की हटकून कुणीतरी मागे रेंगाळतं. परवाही एक जण थांबली. बाकीच्या बायका पायऱ्या उतरेपर्यंत गप्प होती. मग पिशवीतून एक चुरगळलेली मलमाची नळी काढून हळूच म्हणाली, "ताई, हे लावलं की दोन दिवसांत खाज थांबते. सोडलं की दुप्पट होऊन येते. आता पोराच्या मांडीलाही आलंय. घरात सांगू कशी?"

नायटा! कुणी गजकर्ण म्हणतं. त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण जागा अवघड असते, म्हणून आपण लाजतो. मीही लाजले होते. मेडिकलमधून असंच एक मलम आणून महिनाभर चोरून लावलं होतं.

आमचं लोटे खेड तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर. रसायनांच्या कारखान्यांची मोठी वसाहत इथे आहे. पुरुष रबरी बूट घालून पाळी करतात, घामाने निथळत घरी येतात. पावसाळ्यात कपडे काही वाळत नाहीत. ओलसर चड्ड्या, ओलसर परकर तसेच अंगावर चढतात. बुरशीला आणखी काय हवं?

त्याच आठवड्यात शेजारची मुलगी घरी आली. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. आनंदाने म्हणाली, "काकू, मी बनवलेल्या पदार्थाने बुरशी मारली!" मी विचारलं, "म्हणजे औषध झालं?" ती हसली. "छे हो काकू, ही तर पहिली पायरी!"

तिने समजावलं ते तुम्हालाही सांगते. आपण खरवस किंवा पुडिंगसाठी चायना ग्रास आणतो ना, त्यालाच प्रयोगशाळेत अगर म्हणतात. काचेच्या बशीत त्याचा थर जमवायचा, त्यावर बुरशी पसरायची. मग थराला छोटे खड्डे पाडून एकात नवा पदार्थ, एकात फ्लुकोनॅझोलसारखं माहीतगार औषध, आणि एकात नुसतं ज्यात पदार्थ विरघळवला ते द्रावण घालायचं. दोन-तीन दिवसांनी बघायचं. खड्ड्याभोवती बुरशी उगवली नाही, तर तिथे स्वच्छ गोल दिसतो. तो मिलिमीटरमध्ये मोजायचा. पुढे तोच पदार्थ निम्मा, पाव, असा पातळ करत जायचा आणि किती कमी मात्रेत बुरशी थांबते ते पाहायचं.

असे प्रयोग मोठ्या संस्थांतही होतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 2010 च्या सुमारास फ्लुकोनॅझोलच्या धर्तीवर नवे पदार्थ तयार करून बुरशीवर तपासले होते. पण बशीत बुरशी मेली म्हणजे माणूस बरा झाला, असं नसतं. बशीत तर फिनाईलनेही बुरशी मरेल! ते आपण पिऊ का?

खरी अडचण इथेच आहे. जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून फार वेगळी असते, म्हणून तिला मारणारी औषधं बरीच सापडली. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीशी बरंच साम्य राखून असते. भातातलं तण भातासारखंच दिसत असेल, तर बेणणी किती जपून करावी लागते! तसंच हे. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल. एवढासा फरक धरून बहुतेक औषधं काम करतात. म्हणून बशीनंतर प्राण्यांवर, मग थोड्या निरोगी माणसांवर, मग रुग्णांवर अशा चाचण्या होतात. त्यात वर्षानुवर्षं जातात नि बरेचसे पदार्थ वाटेतच गळतात.

2021 साली करोनापाठोपाठ काळी बुरशी आली, ते आठवतंय ना? महाराष्ट्रात नातेवाईक ॲम्फोटेरिसिन इंजेक्शनसाठी वणवण फिरत होते. ते औषध 1950 च्या दशकातलं, आणि त्याने मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. तरी त्याच्यावाचून चालत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल 2025 मध्ये सांगितलं, की आधीच्या दहा वर्षांत अमेरिका, युरोप किंवा चीनमध्ये मिळून फक्त चार नवी बुरशीविरोधी औषधं मंजूर झाली. चार!

या क्षेत्रात बायकांचा वाटाही मोठा, बरं का. 1950 मध्ये अमेरिकेतल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोघींनी निस्टॅटिन हे औषध शोधलं. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. मातीचे नि औषधाचे नमुने त्या एकमेकींना टपालाने पाठवत! मिळालेलं मानधनही त्यांनी संशोधनालाच दिलं.

इतक्या कष्टाने आलेलं औषध आपण कसं वापरतो? त्या नळीवरची बारीक अक्षरं मी चष्मा लावून वाचली. बुरशीचं औषध होतंच, जोडीला क्लोबेटासॉल होतं. हे जोरकस स्टेरॉइड. त्याने लाली नि खाज दबते, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते. बुरशी आत पसरत राहते. कातडी पातळ होते, पांढरे चट्टे नि रेघा उमटतात. स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत, असा नियम 2018 मध्ये कडक झाला. तरी नळी हातात येतेच.

आणि अर्धवट औषधाने बुरशी शहाणी होते. टर्बिनाफिन हे नायट्यावरचं भरवशाचं औषध. त्याला दाद न देणाऱ्या एका बुरशीला 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं. नावातच आपला देश! 2023 मध्ये ती न्यूयॉर्कमधल्या दोन स्त्रियांच्या अंगावर सापडली. म्हणजे इथे दडवलेली खाज जगभर फिरू शकते.

मग करायचं काय? नळीवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही दिसलं, तर नायट्यावर ती मनाने लावू नका. आधीपासून लावत असाल, तर डॉक्टरांना नळी दाखवा. घरात ज्यांना ज्यांना खाज आहे, त्या सगळ्यांना एकदमच न्या. खाज थांबली तरी सांगितलेले दिवस औषध पूर्ण करा. टॉवेल वेगळे ठेवा. कपडे नीट वाळवा, ऊन नसेल तर इस्त्री फिरवा.

त्या मैत्रिणीला घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. नवरा नि मुलगाही आले. दाराशी ती मला म्हणाली, "ताई, सांगितल्यावर कळलं, ह्यांनाही दोन महिन्यांपासून होतं. तेही लपवत होते!"

शेजारची मुलगी बशीतले गोल मोजते आहे. तिच्या पदार्थाचं औषध होईल किंवा होणारही नाही. तोवर आहे ती औषधं टिकवणं आपल्या हातात आहे. त्यासाठी एम.एस्सी. लागत नाही, नुसतं तोंड उघडावं लागतं. उघडाल ना?