धर्मादाय आणि धंद्याची नीति

मोठमोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल अलीकडे हातांत घेतले, तर जमाखर्चाच्या कोष्टकांबरोबर आणखी एक प्रकरण त्यांत हटकून आढळतें. कोठें शाळेस बाकें दिलीं, कोठें खेड्यांत विहीर खोदली, कोठें रुग्णालयास यंत्र घेऊन दिलें, याचीं सचित्र वर्णनें त्यांत असतात, आणि त्यास 'सामाजिक जबाबदारी' असें भारदस्त नांव दिलेलें असतें. शाळेस बाकें मिळालीं हें चांगलेंच झालें. त्याविषयीं कोणाचीहि तक्रार असण्याचें कारण नाहीं. परंतु धंद्याची समाजाविषयींची जबाबदारी या प्रकरणांत संपते, असा जो समज व्यापारी वर्गांत व लोकांतहि दृढ होत चालला आहे, तो आमच्या मतें घातक आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटि रुपये, किंवा वार्षिक उलाढाल १,००० कोटि रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटि रुपये अथवा त्याहून अधिक असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचा निदान शेंकडा २ इतका भाग समाजोपयोगी कामांवर खर्चावा, असें २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानें ठरलें, व १ एप्रिल २०१४ पासून तें अंमलांत आलें. कायद्याचा हेतु चांगला आहे. परंतु त्याखालील नियमांत एक लक्षांत घेण्याजोगी गोष्ट आहे. कंपनीच्या नित्य व्यवहारांत मोडणारें काम, अथवा केवळ स्वतःच्या नोकरांच्या हिताकरितां केलेला खर्च या २ टक्क्यांत धरतां येत नाहीं. नियम रास्तच आहे. नाहीं तर दिवाळीचा बोनस देऊन तोहि धर्मादायांत मांडण्यास कित्येकांनीं कमी केलें नसतें. पण त्याचा अर्थ उघड आहे. हे २ टक्के धंद्याच्या बाहेरचे आहेत. धंद्याच्या आंत काय चाललें आहे, नफा कोणत्या मार्गानें आला, हा प्रश्न हें कलम विचारीतच नाहीं.

तो प्रश्न न विचारल्यास काय होतें, याचें उदाहरण फार जुनें नाहीं. हैदराबादची सत्यम् कंपनी एके काळीं देशाचें भूषण मानली जात असे. तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनीं २००५ सालीं आंध्र प्रदेशांत '१०८' क्रमांकाच्या तांतडीच्या रुग्णसेवेची संस्था काढली, आणि पुढें इतर राज्यांनींहि ती योजना उचलली. २००८ सालीं या कंपनीस उत्तम कारभाराबद्दल पारितोषिकहि मिळालें. आणि ७ जानेवारी २००९ रोजीं याच गृहस्थांनीं आपल्या संचालकमंडळास पत्र लिहून कळविलें कीं, ताळेबंदांत दाखविलेल्या रोकडीपैकीं ५,००० कोटि रुपयांहून अधिक रक्कम मुळीं अस्तित्वांतच नाहीं! भागांची किंमत एका दिवसांत कोसळली, भागधारकांचें द्रव्य बुडालें, पन्नास हजारांच्या घरांतील नोकरवर्ग हवालदिल झाला, आणि दिलेलें पारितोषिक परत घेण्याची पाळी आली. एप्रिल २०१५ मध्यें खास न्यायालयानें राजू व इतर नऊ जणांस दोषी ठरविलें. त्यावर पुढें अपिलें झालीं. रुग्णसेवेनें वांचविलेले प्राण खरे होते. ताळेबंद मात्र खोटा होता. एका खात्याची ही जमा दुसऱ्या खात्याच्या नांवेंस वळती करतां येत नाहीं.

आमच्या प्रांतास हा विचार नवा नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईच्या धनिकांच्या औदार्याचा मोठा बोलबाला होता. धर्मशाळा, रुग्णालयें, पाणपोया यांस देणग्यांची वाण नव्हती. त्याच शहरांत १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा होऊनहि प्रौढ कामगाराच्या तासांस मर्यादा नव्हती, कीं त्यास आठवड्याची सुट्टी नव्हती. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणी-कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत देणगीची याचना नाहीं. रविवारची सुट्टी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, सकाळीं साडेसहा ते सूर्यास्त एवढेंच काम, गेल्या महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन, अशा त्या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी पदरांत पडावयास १८९० साल उजाडावें लागलें. इकडे नागपुरास जमशेटजी टाटा यांच्या एम्प्रेस मिलनें १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा निधि काढला व १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास आरंभ केला. ती गिरणी त्यामुळें बुडाली नाहीं. उलट देशांतील भरभराटलेल्या गिरण्यांत तिची गणना होत असे. नीतीनें धंदा बुडतो ही सबब तेव्हांहि खरी नव्हती.

लोखंडे यांच्या मागण्यांपैकीं पगार वेळेवर मिळण्याची मागणी आज विशेष आठवते, कारण तीच मागणी आतां लहान कारखानदारांच्या तोंडीं आहे. भोसरीस सुटे भाग करणारा, इचलकरंजीस यंत्रमाग चालविणारा, कोल्हापुरास फौंड्री असणारा, हे मोठ्या गिऱ्हाइकास माल देतात आणि पैशांची वाट पाहात बसतात. २००६ च्या कायद्याप्रमाणें सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे करार नसल्यास १५ दिवसांत, आणि करार असला तरी ४५ दिवसांच्या आंत दिलेच पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेनें ठरविलेल्या बँक-दराच्या तिप्पट दरानें, दरमहा चक्रवाढीनें व्याज द्यावें लागतें. कायदा कडक आहे. पण तें व्याज मागणार कोण? जो मागेल त्याची पुढील ऑर्डर बंद होईल, ही भीति कायद्याहून बलवत्तर आहे.

या विलंबाची किंमत आंकड्यांत पाहावी. समजा, १० लाखांचें बिल ४५ दिवसांऐवजीं १२० दिवसांनीं चुकतें झालें. शेंकडा १२ व्याजानें त्या ७५ दिवसांचा बोजा जवळजवळ पावणेपंचवीस हजार होतो. त्या मालांत कारखानदारास शेंकडा ५ नफा सुटत असेल, तर त्याच्या पन्नास हजारांपैकीं अर्धा नफा गिऱ्हाइकानें न बोलतां खिशांत घातला! दरम्यान मजुरांचा पगार, कच्च्या मालाचे पैसे, विजेचें बिल यांपैकीं कांहींच थांबत नाहीं. वस्तु व सेवा कर तर बिल फाडलें कीं देय होतो, पैसे येवोत वा न येवोत. म्हणजे लहान माणूस मोठ्यास बिनव्याजी कर्ज देतो, आणि तो मोठा माणूस त्याच वर्षीं शाळेस बाकें देऊन छायाचित्र काढून घेतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणें याहून निराळें काय असतें?

२०२३ च्या वित्त कायद्यानें सरकारनें यावर दुसरा उपाय योजिला. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे मुदतींत न दिल्यास, ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च आयकरांत वजा मिळणार नाहीं, असें ठरून १ एप्रिल २०२४ पासून तें लागू झालें. तेव्हां बाजारपेठांत, विशेषतः कापडाच्या बाजारांत, मोठी ओरड झाली, आणि नोंदणी न केलेल्यांकडूनच माल घ्यावा असे सल्लेहि दिले गेले. नोंदणी करणाऱ्या प्रामाणिक माणसास गिऱ्हाईक गमावण्याची शिक्षा मिळावी, हा कोठला न्याय?

व्यापारी बंधु म्हणतील, 'आमचेंच येणें वरून येत नाहीं, तर आम्हीं खालीं कोठून द्यावें?' ही अडचण खरी आहे, व आम्ही ती नाकारीत नाहीं. परंतु प्रत्येकजण वरच्याकडे बोट दाखवूं लागला, तर भार अखेरीस ज्याला खालीं कोणीच नाहीं त्या मजुरावर पडतो. शिवाय मोठ्या पेढ्यांस ही सबब लागू नाहीं. भागधारकांस लाभांश वाटण्यास ज्यांच्यापाशीं रोकड असते, त्यांच्यापाशीं लहानाचें बिल चुकविण्यास ती नसते असें कोण म्हणेल?

उपाय अवघड नाहींत. ४५ दिवसांवर थकलेल्या अशा देण्यांचा सहामाही तक्ता कंपन्यांनीं सरकारकडे पाठवावा, असा हुकूम जानेवारी २०१९ मध्यें निघालेला आहे. म्हणजे आंकडे तयार आहेत. तेच आंकडे अहवालांत देणग्यांच्या प्रकरणाच्या आधीं छापावे, आणि भागधारकांनीं वार्षिक सभेंत लाभांशाबरोबर त्यांचीहि विचारपूस करावी. व्यापारी मंडळांनीं वेळेवर पैसे देणाऱ्या पेढ्यांचीं नांवें दर सहामाहीस प्रसिद्ध करावीं. बाजारांत पतीची चाड सर्वांनाच असते. आणि पेठेंतील आपण सर्वांनीं उत्सवाच्या वर्गणीचा आंकडा घालण्यापूर्वीं आपली वही एकदां उघडावी, हमाल, सुतार, विणकर, दुकानांतील पोरगा यांपैकीं कोणाचें देणें राहिलें आहे काय तें पाहावें, व तें प्रथम चुकतें करावें. धर्मादाय त्यानंतर खुशाल करावा. मग त्यास कोणीहि नांवें ठेवणार नाहीं.