परीक्षा कोणाची?

सातपूर-अंबडच्या लहान कारखानदाराची परीक्षा घेण्यास शासन फार उत्सुक आहे. केंद्राच्या ‘झेड’ गुणवत्ता-प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगास ८० टक्के सवलत. महिलांच्या उद्योगांना तर ते मोफतच. या परीक्षेत स्वच्छता, सुरक्षितता यांबरोबर माल वेळेवर पोचतो काय, हेही तपासतात. ठीकच आहे. पण त्या मालाचे पैसे वेळेवर देता काय, असे बड्या खरेदीदारास कोण विचारतो? २००६ च्या कायद्याने त्यास ४५ दिवसांची कमाल मुदत घातली, विलंबास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज ठरविले. ते व्याज मागेल त्याची पुढची ऑर्डर धोक्यात, आणि पगार लांबतो लेथवरच्या कामगाराचा! तपासनीस आधी बड्यांच्या देणेखात्यात धाडावेत. व्याजाची वसुली तक्रारीची वाट न पाहता शासनानेच करावी.