बूड नव्हे, सीट चुकीची!

खडकवासल्याची माझी पहिली राइड धायरी फाट्यावरच संपली. परतताना मी उतरले आणि सायकल हातात धरून चालायला लागले. दम लागला नव्हता, पायही ठीक होते. प्रॉब्लेम सीटचा होता. ग्रुपला मात्र सांगितलं, "पाय दुखतायत." चारचौघांत दुसरं काय सांगणार?

दुकानातले काका म्हणाले, "होईल सवय." मग मी जाड जेल कव्हर आणलं. त्रास वाढला!

का, ते नंतर कळलं. सायकलवर आपलं वजन बसायच्या दोन हाडांवर यायला हवं. गादी फार मऊ असली की हाडं आत रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागी दाबतो. सीट अरुंद असली तर हाडांना आधारच मिळत नाही, वजन मधल्या नसांवर येतं. फार रुंद असली तर मांड्या घासतात. म्हणजे मुद्दा गादीचा कमी, आकाराचा जास्त.

या हाडांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं. मुलींचं सरासरीने थोडं जास्त असतं, पण ते उंची किंवा वजन बघून ओळखता येत नाही. त्यात बसायची पद्धतही आली. ताठ बसून कॉलेजला जाणाऱ्याला मागे रुंद सीट लागते. रोडबाइकवर वाकणाऱ्याचं वजन पुढे सरकतं, त्याला अरुंद आणि मध्ये खाच असलेली सीट बरी पडते. म्हणून मित्राची 'एकदम भारी' सीट तुम्हाला छळू शकते.

माप घरी घेता येतं. लाकडी स्टुलावर खोक्याचा पुठ्ठा ठेवा, पाय थोडे उचलून, किंचित वाकून मिनिटभर बसा. दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा, त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवा. साधारण तेवढी रुंदी हवी. माझे खळगे १२ सेंटिमीटरवर आले आणि सीट होती १३ची! आणखी एक, सीटचं नाक वर उचललेलं असेल तर आधी पाना घेऊन ती सपाट करा. हे फुकट आहे.

पहिले काही दिवस हाडं दुखली तर ती सवय. बधिरपणा म्हणजे मात्र सवय नव्हे. नसा आणि रक्तवाहिन्या दबल्याची ती खूण आहे. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पुरुष पोलिसांनी ६ महिने बिननाकाची सीट वापरली, तेव्हा बधिरपणाची तक्रार बरीच कमी झाली. २००८मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे हे मुलींचं नाजूक दुखणं वगैरे नाही. मुलगेही गप्प बसतात, इतकंच.

माझं म्हणणं साधं आहे. बूट घेताना आपण नंबर विचारतो, घालून बघतो. मग सीट घेताना लाज कसली? दुकानदारांनी माप विचारावं, सीट लावून एक चक्कर मारू द्यावी. आणि आपण न लाजता मागावं. 'मला सायकल जमत नाही' म्हणत कितीतरी जणी ती पार्किंगमध्ये सोडून देतात. त्यातल्या काहींना फक्त सीट बदलायची गरज असेल.

मी बदलली. गेल्या रविवारी खडकवासल्याहून परत आले. पूर्ण वेळ सीटवर बसून!