भिंत कुणाची?

दिवाळीच्या दिवसांत भांडण काढू नये, असे आमची आजी म्हणत असे. तरीसुद्धा चिवड्याची बशी शेजारी ठेवून हा अंक उघडून बसलेल्या वाचकांना मी आज एका भांडणातच ओढणार आहे. कारण हे भांडण रांगोळीचे आहे. आणि रांगोळीचे भांडण दिवाळीत नाही काढायचे, तर काय शिमग्यात?

प्रथम हकीकत सांगते.

आमच्या शहरात बसस्थानकाकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याला एक लांबलचक सरकारी भिंत आहे. गेली वीस वर्षे तिचे दोनच उपयोग मी पाहत आले. एक मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात रंगवण्याचा. दुसरा सुज्ञांस सांगणे न लगे. दोन वर्षांपूर्वी या भिंतीवर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने चित्र काढले. मुलगी इथलीच, रिक्षावाल्याची. सातवीत असताना मराठीच्या वहीच्या समासात ती माणसांचे चेहरे काढायची आणि मी तिचा कान धरायची. ते पाप माझ्या पदरी आहेच.

भिंत शंभर फूट लांब आणि बारा फूट उंच. एवढे चित्र काढतात तरी कसे, हे मी तेव्हा प्रथम पाहिले. आधी कागदावर लहान चित्र, त्यावर चौकोन आखलेले. मग गेरूत बुडवलेली दोरी दोघींनी दोन टोकांना ताणून धरायची, मध्ये उचलून सोडायची, की भिंतीवर तांबडी रेघ उमटते. अशा रेघांनी सबंध भिंतीवर चौकोन पाडायचे आणि कागदावरच्या एकेका चौकोनात जे आहे ते भिंतीवरच्या चौकोनात मोठे करून उतरवायचे. अडीच महिने ती बांबूच्या परांचीवर उभी होती. खालून जाणाऱ्यांपैकी निम्मे लोक चित्राकडे पाहत आणि उरलेले निम्मे, मुलीची जात असून ही इतक्या उंचावर चढलीच कशी, याकडे.

आणि चित्र कशाचे? आमच्या बाजाराचे. पण त्यात व्यापारी, पुढारी कोणी नाही. पहाटे रस्ता झाडणारी, डोक्यावर पाट्या वाहणारी, शाळेत खिचडी शिजवणारी, दारोदार फिरून औषधे पोचवणारी आशाताई, अशा बायका आठ-आठ फूट उंचीच्या. भिंतीसमोरच बसणाऱ्या एका भाजीवाल्या आजींनी चित्रात स्वतःला ओळखले आणि खालूनच ओरडून सांगितले, "पोरी, माझं लुगडं हिरवं न्हाई गं, जांभळं हाय!" दुसऱ्या दिवशी लुगडे जांभळे झाले. त्यानंतर आजी गिऱ्हाइकाला भाव सांगण्याआधी भिंतीकडे बोट दाखवू लागल्या.

गेल्या एप्रिलात एके सकाळी शाळेला जाताना पाहते तो भिंत पांढरी सफेद! सबंध नव्हे, हे मात्र सांगितले पाहिजे. एका टोकाला कोणा साहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स बांधलेला होता. रंगाऱ्यांनी त्याच्या कडेकडेने ब्रश फिरवला होता. त्या कापडावर एक ठिपकासुद्धा पडू दिला नव्हता. भाजीवाल्या आजींनी मला हाक मारली. "बाई, आमी कुठं गेलो?" म्हणाल्या. मला उत्तर सुचले नाही. मी कादंबऱ्या लिहिते, पण तेवढ्या तीन शब्दांचे वाक्य मला आजवर लिहिता आलेले नाही.

मी संबंधित कचेरीत गेले. तिथले गृहस्थ सौजन्याने बोलले. म्हणाले, "मॅडम, चित्र चांगलंच होतं हो. पण दरवर्षी भिंतींना पांढरा रंग देण्याचं टेंडर निघतं. त्यात ही भिंत वगळा असं कुठं लिहिलेलं नव्हतं." मी विचारले, "आणि तो फ्लेक्स वगळा असं कुठं लिहिलं होतं?" गृहस्थ हसले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? रांगोळी नाही का आपण रोज पुसत?"

वाचकहो, माझे भांडण इथून सुरू होते.

रांगोळी पुसली जाते, खरे आहे. पण कोण पुसते? जी काढते ती पुसते. संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच्या हाताने अंगण झाडते, सडा घालते आणि नवी रांगोळी काढते. तिच्या बोटांत कालच्याहून चांगली आज सुचलेली असते म्हणून ती पुसते. दुसऱ्या कोणी तिच्यावर पाय दिला, तर आपण त्याला काय म्हणतो? घरातले दोन वर्षांचे पोरदेखील रांगोळीला वळसा घालून जायला शिकते. आणि जी रीत दोन वर्षांच्या पोराला कळते, ती शंभर फुटी चित्रावर ब्रश फिरवणाऱ्यांना कळू नये? बायकांच्या हातची कला मुळी पुसण्यासाठीच असते, असा सोयीचा अर्थ या मंडळींनी रांगोळीतून काढला आहे. तो मला मान्य नाही.

दुसरा मुद्दा मालकीचा. "भिंत सरकारची, मग सरकार वाटेल तो रंग देईल." हे ऐकायला बिनतोड वाटते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. बाकीचे जे आले ते पोरांना शिकवता शिकवता आले. तेव्हा कायदा मी भीतभीतच उघडला. आपल्या 1957 सालच्या कॉपीराइट कायद्यात 57 वे कलम आहे. कलावंताने कृतीचे हक्क विकून टाकले तरी त्या कृतीवर आपले नाव सांगण्याचा, आणि तिची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला बाध येत असेल तर दाद मागण्याचा त्याचा हक्क उरतोच, असे ते सांगते. हे कलम कागदावरच राहिले असेही नाही. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भलेमोठे ब्राँझचे भित्तिशिल्प 1979 साली सरकारने उतरवून गोदामात टाकले. सेहगल कोर्टात गेले. 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. भिंत सरकारची, भवन सरकारचे, पैसेही सरकारने मोजलेले. तरी शिल्पाची दुर्दशा करण्याचा हक्क मात्र सरकारचा नाही, असा त्याचा माझ्यासारखीला समजणारा अर्थ.

उलट बाजूही सांगते. नाहीतर मी वकिली केली असे व्हायचे. दिल्लीतले 'हॉल ऑफ नेशन्स' 2017 साली पाडले गेले. त्याचे वास्तुशिल्पी राज रेवल यांनी दाद मागितली, पण मालकाला आपली इमारत पाडण्याचा हक्क आहे, असे 2019 साली उच्च न्यायालयाने ठरवले. ठीक आहे. उद्या रस्ता रुंद करण्यासाठी आमची भिंत पाडली असती, तर मी मुकाट्याने विटा मोजल्या असत्या. पण इथे भिंत कुठे पडली? भिंत जागच्या जागी उभी आहे. गेल्या त्या तिच्यावरच्या बायका.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड आहे: "रस्त्यावरची चित्रे ही काही खरी कला नव्हे, जरा सुशोभीकरण." अशा मंडळींना मी अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात नेऊ इच्छिते. तिथे ज्युडी बाका नावाची चित्रकर्ती आहे. जन्म 1946 चा, त्याच शहरातला. पुराचे पाणी वाहून नेणाऱ्या सिमेंटच्या एका कालव्याच्या भिंतीवर तिने 1976 साली चित्र काढायला घेतले आणि 1983 पर्यंत उन्हाळ्याउन्हाळ्याने 2,754 फूट लांबीवर आणले. म्हणजे जवळजवळ अर्धा मैल! हाताशी शिकलेले चित्रकार थोडे आणि वस्तीतली मुले चारशेवर. त्यांतली कितीतरी पोलिसांच्या दफ्तरी नाव लागलेली. शाळेच्या इतिहासात जे येत नाहीत ते चिनी मजूर, देशाबाहेर हाकललेले मेक्सिकन, महायुद्धात छावण्यांत कोंडलेले जपानी, सगळे त्या भिंतीवर आले. 2017 साली त्या भिंतीची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. याला सुशोभीकरण म्हणायचे असेल तर म्हणा!

पण तिथे तरी सगळे शहाणेच आहेत, असे समजू नका. 1984 च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन प्रथमच झाली. त्यासाठी याच बाकाने हमरस्त्यालगतच्या भिंतीवर एका धावपटू स्त्रीचे भव्य चित्र काढले होते. 2019 साली भिंती स्वच्छ करणाऱ्या सरकारी रंगाऱ्यांनी त्यावर सपाट रंग फासला. वाचून मला जरा बरे वाटले, हे कबूल करते. मूर्खपणाला देश नसतो.

मग मागणी काय? फार नाही. भिंतीवर चित्र काढवून घ्यायचे, तर कलावंताला करारपत्र द्या. मोबदला चुन्याच्या दराने चौरस फुटावर मोजू नका. कल्पनेचे पैसे वेगळे द्या. चित्राखाली नाव लिहू द्या. पुसायची वेळ आलीच तर महिनाभर आधी कळवा. आणि टेंडरात एक ओळ घाला: 'चित्रे वगळून'. दोन शब्दांना किती शाई लागते?

आता शेवटची गोष्ट. याच लॉस एंजेलिसमध्ये 1932 साली सिकेरोस या मेक्सिकन चित्रकाराने काढलेले एक भित्तिचित्र तिथल्या मोठ्या लोकांना झोंबले, म्हणून त्यावर पांढरा रंग चढवला गेला. पुढे उन्हापावसाने तो पांढरा रंगच झिजत गेला आणि खालचे चित्र हळूहळू वर दिसू लागले. 2012 पासून लोक ते पाहायला जातात. आमच्याकडचा रंग इतका स्वस्तातला आहे की मला फार वाट पाहावी लागेल असे वाटत नाही. या पावसाळ्यानंतर एका कोपऱ्यात जांभळ्या रंगाची पुसट कड दिसू लागली आहे. आजींनीच मला दाखवली.

मागच्या आठवड्यात ती मुलगी घरी आली होती. स्वच्छतेची घोषणा आणि शेजारी दोन फुलझाडे काढण्यासाठी तिला पुन्हा त्याच भिंतीवर बोलावणे आले आहे. "बाई, काढू का?" म्हणाली.

मी म्हटले, "काढ. पण आधी कागद लिहून घे. आणि फुलझाडं काढू नकोस."

करारपत्राचा मसुदा आम्ही दोघींनी मिळून लिहिला आहे. भाऊबीज झाली, कचेरी उघडली, की तो घेऊन मी पुन्हा त्या गृहस्थांपुढे जाऊन बसणार आहे. या अंकाची एक प्रतही बरोबर नेईन म्हणते.