कोनशिलेनंतरचा झाडू

घर बांधणं आणि घर चालवणं यातला फरक बाईला कुणी शिकवावा लागत नाही. वास्तुशांतीला शंभर पाहुणे येतात, घराचं कौतुक करतात, जेवून जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढायला मात्र त्यातलं कुणी येत नाही. पुढची चाळीस वर्षं तो केर रोज निघतो, म्हणून ते घर नांदतं राहतं. सरकारी पैशातून होणाऱ्या बागा आणि जुन्या वास्तूंचं जतन, हा विषय निघाला की मला हा रोजचा केर आठवतो.

पैसाच येत नाही, अशी ओरड आता कुणाला करता येणार नाही. ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावी, चौंडीत झाली. त्या एका बैठकीत तीर्थक्षेत्रं आणि स्मारकांच्या सात आराखड्यांना मिळून सुमारे साडेपाच हजार कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्यात आपल्या शेजारच्या तुळजापूरचे १,८६५ कोटी आणि चौंडीचे ६८१ कोटी. याशिवाय जिल्हा वार्षिक योजनेतून गडकिल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांसाठी ३ टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवण्याची सोय आहे.

बागांचं म्हणाल, तर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं ५०० शहरांसाठी 'अमृत' योजना आणली. लाखावर लोकवस्ती म्हणून आपली बार्शीही त्या यादीत आली. पाणी आणि भुयारी गटार ही त्या योजनेतली मोठी कामं. पण बागा आणि हिरव्या जागांसाठीही त्यात अडीच टक्क्यांपर्यंतचा वाटा राखलेला होता. बाग लहान मुलांना आणि वयस्कर माणसांना सोयीची असावी, तिची देखभाल रहिवाशांना बरोबर घेऊन व्हावी, असंसुद्धा त्या नियमावलीत लिहिलं होतं.

मग घोडं अडतं कुठं? ते अडतं दोन खिशांमध्ये. बांधकामाचा पैसा येतो दिल्ली-मुंबईच्या खिशातून. बांधून झाल्यावर माळी, रखवालदार, पाणी, वीजबिल, झाडलोट हा सगळा खर्च पडतो नगरपालिकेच्या खिशावर. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरातल्या बागा, उद्यानं, मैदानं हा विषय नगरपालिकांकडं सोपवायच्या कामांच्या यादीत घातला. त्यात गैर काही नाही. पण नगरपालिकेची स्वतःची मिळकत ती केवढी? पगार, पाणीपुरवठा, रस्त्यावरचे दिवे, कचऱ्याच्या गाड्या हे सगळं भागवता भागवता बागेची पाळी येईपर्यंत खिसा रिकामा होतो. मोठ्या भावानं हौसेनं गाय घेऊन दिली, पण वैरणीचं कुणीच बोललं नाही, तसं हे झालं.

त्याचं पुढं काय होतं, ते कुठल्याही तालुक्याच्या गावी जाऊन बघा. उद्घाटनाला थुईथुई नाचणारं कारंजं दुसऱ्या उन्हाळ्यात कोरडं. झोपाळ्याची एक साखळी तुटलेली, घसरगुंडीचा पत्रा वर आलेला. निम्मे दिवे गेलेले. शौचालय आहे, पण त्याला कुलूप, आणि किल्ली कुणाकडं ते कुणालाच माहीत नसतं. कोनशिला तेवढी शाबूत!

आता कुणी म्हणेल, बागेचं एवढं काय घेऊन बसलात? मैत्रिणींनो, पुरुषांना बसायला चौकातला कट्टा आहे, चहाची टपरी आहे, पानपट्टी आहे. बाईनं घराबाहेर, काही विकत न घेता, कुणाला कारण न सांगता अर्धा तास बसायचं म्हटलं तर देऊळ किंवा बाग, या दोनच जागा. नव्यानं सासरी आलेली मुलगी, गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलेल्या आजी, दोन खोल्यांत वाढणारी लेकरं, या सगळ्यांची ती हक्काची जागा. तिथले दिवे गेले की आधी बायका यायच्या बंद होतात. बायका बंद झाल्या की लेकरं बंद. मग तिथं पत्त्यांचे डाव आणि बाटल्या येतात, आणि लोक म्हणतात, "चांगल्या घरच्या बायका तिकडं जात नाहीत." एका दिव्यापासून सुरू झालेली गोष्ट कुठवर जाते बघा!

जुन्या वास्तूंचं दुखणं थोडं निराळं. तिथं पैसा न येण्याइतकाच चुकीचा पैसा घात करतो. आपलं भगवंत मंदिर हेमाडपंती, इ. स. १२४५ मध्ये बांधल्याचं सांगतात. महाराष्ट्रात अशी कितीतरी दगडी देवळं आहेत, की ज्यांच्या खांबांवर कुणीतरी भक्तिभावानं ऑइलपेंट फासला, फरशीवर चकचकीत टाइल्स बसवल्या. दगडाला श्वास घ्यावा लागतो. जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंट लिंपलं तर आतली ओल आतच कोंडते आणि दगड, विटा झिजू लागतात. म्हणून जाणकार आजही चुनाच वापरतात. त्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालून तो मुरवतात. हे काम सावकाशीचं असतं. मार्चअखेर निधी संपवायचा म्हटल्यावर चुना मुरायला वेळ कुठला?

देखभाल आधीच करारात लिहिली तर काय होतं, तेही आपल्या जवळच बघायला मिळालं. राज्य सरकारनं २००७ मध्ये 'महाराष्ट्र वैभव' ही संरक्षित स्मारकांच्या संगोपनाची योजना आणली. तिच्यातून २०१४ मध्ये नळदुर्गचा किल्ला दहा वर्षांच्या करारानं संगोपनाला दिला गेला. स्वच्छता, बाग, येणाऱ्यांच्या सोयी यांची जबाबदारी कुणाची, हे कागदावर ठरलं. खासगी हातात स्मारक द्यावं का, यावर वाद होऊ शकतो, व्हावाही. पण केर कुणी काढायचा हे आधी ठरवायला हवं, एवढं तरी त्यातून शिकावं.

खरं तर हे शहाणपण आपल्याकडं जुनंच आहे. अहिल्यादेवींनी देशभर घाट, विहिरी, देवळं बांधली, एवढंच आपण भाषणात सांगतो. त्यांनी बांधलेल्या ठिकाणी पूजाअर्चा, अन्नछत्र असा नेमाचा खर्च चालावा म्हणून उत्पन्नाचीही तजवीज केली होती, हे सांगायचं राहून जातं.

आणि वारसा म्हणजे फक्त देऊळ-किल्ला नव्हे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये धावू लागली. तिच्या रुळांची रुंदी अडीच फूट. कालका-सिमला रेल्वेचीही तेवढीच, आणि ती सुरू झाली १९०३ मध्ये, म्हणजे आपल्यानंतर. २००८ मध्ये कालका-सिमला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्याच वर्षी आपल्या मार्गाचं रुंदीकरण पूर्ण झालं. मोठी गाडी हवीच होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण छोट्या गाडीची तिकिटं, फोटो, कंदील, रेल्वेत नोकरी केलेल्या आजोबांचे कागद कुणाच्या माळ्यावर असतील तर रद्दीत घालू नका. उद्या संग्रहालयासाठी पैसा आला, तरी मांडायला वस्तू आपल्या घरातूनच याव्या लागतील.

तर आपण करायचं काय? पहिलं म्हणजे घरपट्टीची पावती काढून बघा. त्यात 'वृक्ष कर' अशी ओळ दिसली, तर तो पैसा आपण भरतो आहोत, त्याचा हिशेब विचारणं हा आपला हक्क आहे. १० रुपयांच्या अर्जावर माहितीच्या अधिकारात ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. दुसरं, नगरपालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास ठरतं. त्याच्या महिनाभर आधी, जानेवारीत, भिशीतल्या, भजनी मंडळातल्या, बचत गटातल्या बायकांनी मिळून आपल्या नगरसेविकेला गाठा. २०११ पासून राज्यातल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के निधी राखीव असतो. बागेतले दिवे, स्वच्छतागृह आणि तिथं नेमायची बाई, ही मागणी त्यात बसते का, हे विचारा. तिसरं, पन्नास वर्षांवरच्या झाडाला २०२१ च्या कायदेदुरुस्तीनं वारसा वृक्षाचा मान दिलाय. आपल्या गल्लीतले असे वड, पिंपळ, चिंचा मोजून यादी करा. त्यांच्या बुंध्याला गळफास लागावा तसे सिमेंटचे ठोकळे बसवत असतील, तर काम चालू असतानाच हटकायचं.

आणि नव्या बागेचं, नव्या सुशोभीकरणाचं निमंत्रण आलं तर जरूर जा. टाळ्याही वाजवा. फक्त पेढा हातात घेताना व्यासपीठावरच्या पाहुण्यांना एवढंच विचारा, "साहेब, उद्यापासून इथं झाडणार कोण, आणि तिचा पगार कुठल्या खात्यातून निघणार?"