तोटा ग्राहकांचा, तडजोड कंपनीची

ऑनलाइन शेअर-दलाली करणाऱ्या टीडी अमेरिट्रेड या अमेरिकी कंपनीकडील ६० लाखांहून अधिक ग्राहकांची माहिती चोरीस गेल्याचे २००७ साली उघड झाले. सामूहिक दाव्यातील तडजोड कोणती? ग्राहकांना वर्षभर नकोशी ईमेल अडविणारी संगणक-प्रणाली. वकिलांना मात्र १८ लाख डॉलरांहून अधिक मेहनताना! न्यायाधीश वॉन वॉकर यांनी २००९ साली ती फेटाळली, हे योग्यच झाले. परंतु प्रश्न एका न्यायाधीशाच्या विवेकाचा नाही. सुरक्षेवरील खर्च वाचला तर नफा भागधारकांचा, हानी झाली तर ती ग्राहकांची, हा भांडवलशाहीचा जमाखर्च आहे. भरपाई सुरक्षेपेक्षा स्वस्त पडते तोवर तिजोरीला कुलूप लागणार नाही. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही सामूहिक तक्रारीची तरतूद आहे. कार्यकर्त्यांनी ती अवश्य वापरावी. तडजोड मात्र ग्राहकांच्या सभेपुढे ठेवल्यावाचून मान्य करू नये.